गाठीच्या पेशी त्रिमितीत वाढवायच्या, पण कमी खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला कर्करोगाच्या पेशींवर काम करू पाहणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. टिश्यू कल्चरची तोंडओळख झालेली आहे, म्हणजे हूडमध्ये काम करणं, पेशी मोजणं आणि पासाज करणं जमतं, असं गृहीत धरलं आहे. हे सगळं जैवसुरक्षा कॅबिनेट आणि मार्गदर्शक असलेल्या प्रयोगशाळेसाठी आहे, घरी करून बघण्यासाठी नाही.

माझं मत आधीच सांगते. मॅट्रिजेल नावाच्या महागड्या जेलची बाटली परवडत नाही म्हणून त्रिमितीचा विचारच सोडून द्यायचा, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांमध्ये सर्रास होतं आणि ते मला मनापासून खुपतं. बऱ्याचशा प्रश्नांना ती बाटली लागतच नाही. लागते ती आपल्या साहित्याची नीट ओळख.

सपाट प्लेटमध्ये पेशी छान वाढतात. मग त्रिमितीचा खटाटोप कशासाठी?

छान वाढतात, अडचण तीच आहे. प्लॅस्टिकच्या तळावर पसरलेल्या प्रत्येक पेशीला सारखाच ऑक्सिजन, सारखंच ग्लुकोज आणि सारखंच औषध मिळतं. शरीरातल्या गाठीत असं नसतं. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या पलीकडे ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही. पेशींचा गोळा, म्हणजे स्फेरॉइड, ५०० मायक्रॉनच्या आसपास वाढला की त्याच्यात तीन थर दिसू लागतात: बाहेर विभाजन करणाऱ्या पेशी, त्याखाली जिवंत पण थांबलेल्या पेशी आणि मधोमध मेलेल्या पेशींचा गाभा. बहुतेक केमोथेरपीची औषधं विभाजन करणाऱ्या पेशींना मारतात. थांबलेल्या पेशी वाचतात आणि गाठ परत येण्याचा धोका त्यांच्यात असतो. सपाट प्लेटमध्ये हा मधला थरच नसतो, त्यामुळे तिथे भलतंच प्रभावी वाटलेलं औषध पुढे फसतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर डॉक्सोरुबिसिन वापरा. ते स्वतःच लालसर चमकतं, वेगळा रंग लावावा लागत नाही. मोठ्या स्फेरॉइडला दिल्यानंतर काही तासांनी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बाहेरची कड उजळलेली दिसते आणि आतला भाग काळा राहतो. औषध आत शिरलेलंच नाही, हे त्या एका चित्रात कळतं.

हा विचार नवा नाही. रॉबर्ट सदरलँड यांनी १९७० च्या आसपास हॅम्स्टरच्या पेशींचे असे गोळे वाढवून किरणोत्साराचा परिणाम अभ्यासला. १९९७ मध्ये मिना बिसेल यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगी पेशींवरचं बीटा-१ इंटेग्रिन हे एक ग्राहक प्रथिन अँटिबॉडीने अडवलं, तेव्हा त्या पेशी निरोगी ग्रंथीसारखी नीटस रचना करू लागल्या. हे फक्त त्रिमितीत घडलं. त्याच पेशी सपाट प्लेटमध्ये असत्या तर हा शोध लागला नसता.

मग सगळे पेपर मॅट्रिजेलच का वापरतात? आणि त्यात वावगं काय आहे?

मॅट्रिजेल उंदराच्या एका गाठीतून काढतात. एंगेलब्रेथ-होम-स्वार्म नावाचा हा सार्कोमा पेशींभोवतालच्या जाळीची, म्हणजे ज्याला लॅबमध्ये सगळे ईसीएम म्हणतात त्याची, प्रथिनं भरपूर तयार करतो. लॅमिनिन हे प्रथिन पहिल्यांदा वेगळं केलं गेलं तेही १९७९ मध्ये याच गाठीतून. मॅट्रिजेलमध्ये साधारण ६० टक्के लॅमिनिन, ३० टक्के कोलॅजन-४ आणि बाकी एन्टॅक्टिन, पर्लेकन व वाढीचे घटक असतात. पेशींना ते आवडतं यात शंका नाही. २००९ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एकाच मूळपेशीतून आतड्याचं ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखी रचना असलेला छोटा पेशीगोळा, वाढवलं, तेही मॅट्रिजेलमध्येच.

अडचणी तीन. एक, किंमत, आणि त्यावर शीतसाखळीचा खर्च. ते ४ अंशांवर पातळ असतं आणि खोलीच्या तापमानाकडे सरकलं की घट्ट होऊ लागतं. कुरिअर उन्हात अडकलं किंवा रात्री लाईट जाऊन फ्रीझर बंद पडला की बाटली वाया. दुसरी, प्रत्येक बॅच वेगळी. प्रथिनांचं मोजमाप करणाऱ्या अभ्यासांत त्यात हजाराहून जास्त वेगवेगळी प्रथिनं सापडली आहेत. तुमच्या पेशींवर नेमका कशाचा परिणाम झाला, हे सांगणं म्हणूनच कठीण होतं. तिसरी, त्यासाठी उंदरांमध्ये गाठी वाढवाव्या लागतात. प्राण्यांचा वापर कमी करायचा म्हणून त्रिमितीकडे वळायचं आणि त्यासाठी पुन्हा प्राणीच वापरायचे, ही विसंगती विद्यार्थ्यांनी मनात ठेवावी.

आमच्याकडे बजेट जवळजवळ नाहीच. सुरुवात कशाने करू?

अगारोजने. दुसरा विचार करू नका. डीएनएचं जेल चालवायला ते जवळपास प्रत्येक विभागात असतंच.

अगारोज लाल समुद्री शेवाळातून मिळतं. पेशींना ते अजिबात चिकटू देत नाही आणि इथे तोच गुण कामाचा आहे. तळाशी चिकटता येत नाही म्हणून पेशी एकमेकींना चिकटतात आणि गोळा होतो. याला लिक्विड ओव्हरले पद्धत म्हणतात.

करायचं असं. सिरम नसलेल्या मीडियममध्ये किंवा पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खाऱ्या द्रावणात) १.५ टक्के अगारोज घ्या आणि ऑटोक्लेव्ह करा. बाटली हूडमध्ये गरम पाण्यात उभी ठेवा, कारण ४० अंशांच्या खाली ते आळायला लागतं आणि टिपमध्येच अडकतं. ९६ वेलच्या सपाट तळाच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ५० मायक्रोलिटर टाका. गरम असतानाच, एका दमात, आणि पिपेट दुसऱ्या थांब्यापर्यंत न दाबता, नाहीतर बुडबुडा येतो. आता प्लेट हलवू नका. गरम अगारोज वेलच्या भिंतीवर किंचित चढतं आणि तसंच आळतं, त्यामुळे मधे खोलगट वाटी तयार होते. प्लेट डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे पाहिली तर ही वाटी दिसते. ज्या वेलमध्ये ती तिरकी झाली असेल किंवा बुडबुडा असेल तिथे झाकणावर खूण करा आणि ती वापरू नका. चांगला स्फेरॉइड होणार की नाही, हे निम्मं इथेच ठरतं.

मग २०० मायक्रोलिटर मीडियममध्ये ५०० ते ५००० पेशी टाका. नेमका आकडा तुमच्या सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणावर, आणि हव्या त्या आकारावर ठरेल, म्हणून पहिल्या प्लेटमध्ये तीन-चार आकडे घेऊन बघा. प्लेट हलक्या वेगाने काही मिनिटं सेंट्रीफ्यूज केली तर पेशी वाटीच्या तळाशी लवकर जमतात. कडेच्या वेलमध्ये पेशी न टाकता नुसतं निर्जंतुक पाणी किंवा पीबीएस भरा. आपल्याकडच्या कोरड्या महिन्यांत कडेचं मीडियम भराभर उडतं. पुढचे तीन-चार दिवस प्लेट इन्क्युबेटरमध्ये शांत राहू द्या. रोज बाहेर काढून बघण्याचा मोह होतो, पण त्या हिंदकळण्याने कच्चे गोळे फुटतात. औषधचाचणीसाठी ३७० ते ४०० मायक्रॉनचा गोळा सोयीचा पडतो. चार दिवसांत तो तयार होईल अशा बेताने पेशी मोजून टाका.

मीडियम बदलताना अर्धंच बदला. प्लेट थोडी कलती करून वरच्या कडेने हळू शोषा.

माझ्या पेशी घट्ट गोळा करत नाहीत, द्राक्षाच्या घडासारख्या सैल राहतात. माझं काही चुकतंय का?

बहुधा नाही. एमसीएफ-७ किंवा हेपजी२ या सेल लाइन छान घट्ट होतात. एमडीए-एमबी-२३१ सैल राहतात, कारण पेशीपेशींना बांधणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्यांच्यात जवळजवळ नसतं. हा त्या पेशींचा स्वभाव आहे. मीडियममध्ये थोडंसं कोलॅजन मिसळलं की त्यांचाही गोळा बांधला जातो. मात्र मग तसं लिहा. कोलॅजन घातलेला आणि न घातलेला स्फेरॉइड एकाच तक्त्यात शेजारी ठेवू नका.

घरी फालुदा करताना वापरतो तो चायना ग्रास चालेल का?

तोही मुळात अगारच. गंमत म्हणजे अगार प्रयोगशाळेत आलं ते स्वयंपाकघरातूनच. १८८१-८२ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे यांचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं. त्यांची पत्नी फॅनी हेसे घरी जेली करायला अगार वापरत असत, आणि ते उष्णतेत टिकतं हे त्यांना जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळलं होतं. त्यांनी ते सुचवलं आणि सूक्ष्मजीवशास्त्राचं काम सोपं झालं.

तरी उत्तर नाही असंच आहे. किराणा दुकानातल्या अगारमध्ये अगारोजबरोबर सल्फेट असलेलं अगारोपेक्टिन, क्षार आणि इतर बरंच काही असतं. ते पेशींना त्रास देतं आणि पाकिटागणिक बदलतं. वाटी कशी पाडायची, टिप कशी धरायची याचा सराव करायला मात्र खुशाल वापरा. खऱ्या प्रयोगाला शुद्ध अगारोजच घ्या. एका प्लेटला ५ मिलिलिटरच्या आसपास द्रावण लागतं, म्हणजे शंभर मिलिग्रॅमही अगारोज लागत नाही. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

भारतीय किनाऱ्यावर कच्चा माल आहे, हेही लक्षात ठेवा. तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर जेलिडिएला गोळा करून त्यापासून अगार करतात, आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ग्रॅसिलेरिया ड्युरा या आपल्या शेवाळातून चांगल्या प्रतीचं अगारोज काढून दाखवलं आहे.

अगारोजही नको असेल तर?

थेंब लटकवा. पेट्री डिशच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर पेशी असलेल्या मीडियमचे २० ते २५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवा, झाकण अलगद उलटं करून डिशवर बसवा आणि खाली डिशमध्ये पीबीएस ओता. गुरुत्वाकर्षणाने पेशी थेंबाच्या टोकाशी जमतात. फुकटातली पद्धत आहे, पण थेंबात मीडियम बदलणं जिकिरीचं असतं. म्हणून दोन-तीन दिवसांनी गोळे अगारोजच्या वाटीत हलवा.

सॉफ्ट अगार कॉलनी म्हणजे हेच ना?

नाही. तिथे सुट्या पेशी पातळ अगारमध्ये, साधारण ०.३ टक्के, अडकवून ठेवतात आणि आधाराशिवाय एका पेशीपासून वसाहत होते का हे पाहतात. पेशी कर्करोगी वळणाची आहे का, हा तिथला प्रश्न असतो. इयान मॅकफर्सन आणि ल्युक मॉन्टाग्निए यांनी १९६४ मध्ये ही पद्धत दिली. मॉन्टाग्निए यांना पुढे एचआयव्हीच्या शोधासाठी नोबेल मिळालं. गाठीची अंतर्गत रचना किंवा औषध आत कितपत शिरतं हे पाहायचं असेल तर स्फेरॉइड करा.

अल्जिनेटचे मणी कसे करायचे?

अल्जिनेट तपकिरी शेवाळातून येतं. सारगॅसम आपल्या कोकण किनाऱ्यावरही खडकांवर वाढतं. दातांचा साचा घ्यायला दंतवैद्य जी पावडर कालवतात तीही अल्जिनेटचीच. पेशींसाठी मात्र शुद्ध केलेलं, पेशी-कामाच्या दर्जाचं सोडियम अल्जिनेट लागतं, कारण कच्च्या मालात जिवाणूंचं विष आणि पॉलिफेनॉल असतात.

त्याची साखळी ग्युलुरोनिक आणि मॅन्युरोनिक आम्लाची असते. कॅल्शियम मिळालं की ग्युलुरोनिकचे पट्टे शेजारी येऊन त्यांच्या खळग्यांमध्ये कॅल्शियमचे अणू बसतात, ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. त्यामुळे जेल क्षणात बांधलं जातं, आणि कॅल्शियम काढून घेतलं की तितक्याच सहज सुटतं. पेशी जिवंत परत मिळणं ही अल्जिनेटची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

१.५ टक्के अल्जिनेट ०.९ टक्के सलाइनमध्ये रात्रभर ढवळत ठेवा, गुठळ्या राहू देऊ नका. ऑटोक्लेव्ह केल्यास साखळ्या तुटतात आणि द्रावण पातळ होतं, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. घट्ट द्रावण फिल्टरमधून जाताना हात दुखतो, तेव्हा आधी थोडं कोमट करा. त्यात मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास पेशी मिसळा आणि सिरिंजच्या बारीक सुईतून १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडा. सुई द्रावणाला टेकू देऊ नका, टेकली तर थेंबाला शेपूट येतं. पाच-दहा मिनिटांत मणी तयार होतात. सलाइनने धुऊन मीडियममध्ये ठेवा. परत सोडवायचे असतील तर ५५ मिलिमोलर सोडियम सायट्रेट पुरेसं आहे.

पीबीएस मात्र इथे कुठेच नको. फॉस्फेट कॅल्शियमला धरतं, पांढरा साका बसतो आणि मणी मऊ पडतात. कल्चरची सवय झालेला हात आपोआप पीबीएसच्या बाटलीकडे जातो, म्हणून सलाइनच्या बाटलीवर रंगीत टेप लावून ठेवा.

आकाराचंही बघा. जाड सुईतून पडलेला दोन-तीन मिलिमीटरचा मणी म्हणजे मधल्या पेशींची उपासमार. शक्य तितका लहान करा.

मण्यांमध्ये पेशी जिवंत आहेत, पण पसरत नाहीत, आक्रमण करत नाहीत. का?

अल्जिनेटमध्ये पेशीला पकडायला जागाच नाही. पेशी इंटेग्रिनने आरजीडी नावाचा तीन अमिनो आम्लांचा तुकडा धरतात. तो कोलॅजन, जिलेटिन, फायब्रोनेक्टिनमध्ये असतो, शेवाळात कुठून असणार? शिवाय आपल्या पेशींकडे अल्जिनेट कापणारं एन्झाइमही नाही. म्हणून नुसत्या अल्जिनेटमध्ये पेशी जिथे अडकली तिथेच गोळा करते. औषधचाचणीला हे चालतं. आक्रमणाचा, म्हणजे पेशी आजूबाजूच्या जाळीत कशा घुसतात याचा, अभ्यास असेल तर जिलेटिन किंवा कोलॅजन मिसळा.

कोलॅजन स्वतः काढता येतं का?

येतं, आणि ते शिकावं असं मला वाटतं. उंदराच्या शेपटीतले पांढरे चकचकीत कंडरे ओढून काढायचे, ०.०२ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात थंडीत दोन दिवस ढवळायचे, न विरघळलेला भाग सेंट्रीफ्यूजने खाली बसवायचा. वर राहतं ते कोलॅजन-१. वापरताना बर्फावर दहापट तीव्र मीडियम आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून उदासीन करायचं. मीडियममधला फिनॉल रेड पिवळ्यावरून फिकट लाल झाला की लगेच ओतायचं, ३७ अंशांवर अर्ध्या तासात ते बांधलं जातं.

शेपट्या दुसऱ्या मंजूर प्रयोगातल्या प्राण्यांच्या घ्या. शेपटीसाठी म्हणून प्राणी मारायची गरज नाही. तरीही संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला कळवलं पाहिजे.

माशांच्या कातडीतलं कोलॅजन स्वस्त पडतं, पण थंड पाण्यातल्या माशांचं कोलॅजन ३७ अंशांच्या कितीतरी खालीच मोडतं. इन्क्युबेटरमध्ये ते जेल म्हणून टिकत नाही. वेगळ्या रसायनाने जोडून घेतलं तर टिकतं, मात्र मग ते रसायन पेशींना सोसतं का हे पाहावं लागतं.

विदर्भातल्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काही होऊ शकतं का?

हा प्रश्न गडचिरोली-भंडाऱ्याकडची मुलं विचारतात आणि तो ऐकून मला फार बरं वाटतं. हो, होऊ शकतं, पण वाट सरळ नाही.

रेशमाच्या धाग्यात आत फायब्रॉइन आणि वरून चिकट सेरिसिन असतं. तुतीच्या रेशमाचं काम बरंच रुळलेलं आहे. कोश चिरून ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये अर्धा तास उकळायचे, सेरिसिन धुऊन टाकायचं, राहिलेला कापसासारखा पुंजका ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांवर चार तास विरघळवायचा आणि दोन-तीन दिवस पाण्यात डायलिसिस करायचं. मिळालेलं द्रावण गोठवून सुकवलं की स्पंज होतो. मिथेनॉलमध्ये बुडवला की तो पाण्यात विरघळेनासा होतो. कच्चा माल स्वस्त आहे, जालन्याच्या कोश बाजारात तो मिळतो. महाग आहे ते लिथियम ब्रोमाइड. त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी १:२:८ या मोलर प्रमाणात वापरता येतं. डायलिसिस मात्र जास्त काळजीने करावं लागतं.

टसर वेगळं आहे. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अँथेरिया मायलिटाच्या फायब्रॉइनमध्ये वर सांगितलेला आरजीडी तुकडा निसर्गतःच असतो. तुतीच्या फायब्रॉइनमध्ये तो नाही. त्यामुळे पेशी टसरवर चांगल्या धरतात. आयआयटी खरगपूरच्या सुभाष कुंडू यांच्या गटाने याच टसरच्या त्रिमितीय जाळीवर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवून २०११ मध्ये काम प्रसिद्ध केलं. अडचण अशी की टसरचा धागा लिथियम ब्रोमाइडला दाद देत नाही. म्हणून त्यांनी कोशाऐवजी पूर्ण वाढलेल्या अळीच्या रेशीमग्रंथीतून थेट फायब्रॉइन काढलं. म्हणजे तुम्हाला बाजारातला कोश नाही, शेतकऱ्याकडची जिवंत अळी लागेल, तीही कोश विणायच्या आधी. हे विदर्भातल्या कॉलेजला जितकं सोपं आहे तितकं मुंबईतल्या मोठ्या संस्थेला नाही. या विषयात तिकडून काम यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अंड्याचा पांढरा भाग, सफरचंद, पालक हे खरंच वापरलं गेलंय?

वापरलं गेलंय. ह्यूस्टनमधल्या गटाने २००८ मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकावर आधारलेली त्रिमितीय पद्धत मांडली, तीही मॅट्रिजेलला स्वस्त पर्याय म्हणूनच.

२०१४ मध्ये ओटावा विद्यापीठातल्या अँड्र्यू पेलिंग यांच्या गटाने सफरचंदाच्या चकत्या एसडीएस या डिटर्जंटमध्ये धुऊन त्यातल्या वनस्पतीपेशी काढून टाकल्या. उरली ती सेल्युलोजची पोकळ जाळी, आणि तिच्यात त्यांनी हेला या कर्करोगी पेशीही वाढवल्या. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वुस्टर पॉलिटेक्निकमध्ये पालकाचं पान असंच रिकामं करून त्याच्या शिरांचा रक्तवाहिन्यांसारखा उपयोग करून दाखवला. विद्यार्थ्यांना शिकवायला सफरचंद उत्तम आहे. चकतीचा हिरवट-पिवळसर रंग जाऊन ती काचेसारखी पारदर्शक होते, ते बघताना मुलं हरखून जातात. फक्त एसडीएस पूर्ण धुतलं गेलं पाहिजे, कारण उरलेलं एसडीएस तुमच्याच पेशी फोडतं. आणि शेवटचं धुतलेलं पाणी साध्या सपाट कल्चरवर टाकून पेशी मरत नाहीत ना, हे आधी बघा.

कागदाचं काय?

हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००९ मध्ये कागदाच्या पट्ट्यांत पेशी मिसळलेलं जेल मुरवून त्या एकावर एक रचल्या. नंतर थर सोलून वेगळे केले की वरच्या, मधल्या आणि तळाच्या पेशींची अवस्था स्वतंत्रपणे मोजता येते, महागडा कॉन्फोकल मायक्रोस्कोप नसतानाही. ही कल्पना मला सगळ्यात जास्त आवडते.

कोळंबीच्या टरफलातलं कायटोसान?

नुसतं फारसं नाही, ते उदासीन पीएचला विरघळत नाही. अल्जिनेटबरोबर सच्छिद्र स्पंज करून चालतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मिकिन झांग यांच्या गटाने मेंदूच्या ग्लायोमा पेशी अशा स्पंजवर वाढवल्या आहेत.

जेल मऊ की कडक, याने काही फरक पडतो?

खूप पडतो. निरोगी स्तनाची ऊती दोनशे पास्कलच्या आसपास मऊ असते, गाठ चार हजार पास्कलपर्यंत कडक. २००५ मध्ये व्हॅलेरी वीव्हर यांच्या गटाने दाखवलं की नुसता आधार कडक केला तरी निरोगी पेशींची वागणूक बिघडते. म्हणून अल्जिनेटचं प्रमाण बदललं की तुम्ही प्रयोगच बदलता. टक्केवारी, कॅल्शियमचं प्रमाण, बांधायला दिलेला वेळ आणि बॅच क्रमांक वहीत लिहिलेच पाहिजेत. नैसर्गिक आहे म्हणजे एकसारखं असेल, असं समजू नका. शेवाळ कुठल्या किनाऱ्यावरचं आणि कुठल्या ऋतूतलं यावरही त्याची रचना बदलते.

किती पेशी जिवंत आहेत हे एमटीटी या रंगाच्या चाचणीने मोजलं तर चालेल?

स्फेरॉइडवर ते फसवं ठरतं. रंगद्रव्य आत नीट शिरत नाही आणि तयार झालेले जांभळे स्फटिक बाहेर येत नाहीत. एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू) मोजणारी किट चांगली, पण महाग. स्वस्तात करायचं तर आम्ल फॉस्फेटेजची चाचणी घ्या: पेशी फोडून पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट घालायचं, शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड, आणि ४०५ नॅनोमीटरवर पिवळा रंग मोजायचा. साध्या प्लेट रीडरवर होते.

त्याहून स्वस्त म्हणजे फोटो. गोळा पक्का बांधला गेल्यावर रोज एकाच भिंगाखाली स्फेरॉइडचा फोटो काढा, दोन दिशांना व्यास मोजा, घनफळ काढा. व्यास निम्मा झाला तर घनफळ आठपट घटतं, म्हणून आलेख घनफळाचाच काढा. मात्र मेलेला गोळाही काही दिवस तितकाच मोठा दिसतो, तेव्हा फोटोबरोबर जिवंत-मृत पेशींचा रंग एकदा तरी लावून बघा.

पेशी कुठून आणायच्या? मैत्रिणीच्या लॅबमधून मिळत आहेत.

त्यांची ओळख पटलेली नसेल तर घेऊ नका. सेल लाइनची सरमिसळ आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये नकळत शिरणारे जिवाणू) या दोन गोष्टींनी वर्षभराचं काम मातीत जाऊ शकतं. पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, देशभरातल्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवणं हे त्याचं एक मुख्य कामच आहे. तिथून घ्या, पासाज क्रमांक लिहा, लगेच काही व्हायल गोठवून ठेवा.

रिव्ह्यूअर म्हणतात मॅट्रिजेलमध्ये करून दाखवा. काय करू?

आधी प्रश्न बघा. अगारोजवरच्या स्फेरॉइडला मॅट्रिजेलची गरज नसते आणि तसं ठामपणे, संदर्भ देऊन लिहावं. आक्रमण किंवा ग्रंथीची रचना हा मुद्दा असेल तर मात्र ते म्हणतात ते रास्त आहे. तेव्हा शेजारच्या संस्थेकडून छोटी कुपी मागा आणि एका सेल लाइनवर, एका मात्रेवर तुलना करा. सगळा अभ्यास त्यात पुन्हा करावा लागत नाही.

रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी या स्वस्त जेलमध्ये वाढतील?

सेल लाइन सोशिक असतात, रुग्णाच्या पेशी नसतात. ऑर्गनॉइड करायचं असेल तर आजही बहुतेक ठिकाणी उंदराच्या गाठीतलं जेलच वापरतात, आणि नुसतं अगारोज किंवा अल्जिनेट त्याची जागा घेत नाही. हे मी मुद्दाम स्पष्ट सांगते, कारण रुग्णाचा नमुना पुन्हा मिळत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे इतके आहेत की त्यांच्या गाठींवर काम व्हायलाच हवं, पण ते कर्करोग रुग्णालयाशी रीतसर करार, मानवी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची त्याच्या भाषेतली लेखी संमती घेऊनच. २०२३ मध्ये आपल्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि ऑर्गनॉइडसारख्या प्राणीविरहित पद्धतींचा पुरावा म्हणून विचार होऊ लागला, त्यामुळे अशा कामाला मागणी वाढणार आहे. तोवर नवं जेल आधी सेल लाइनवर पक्कं करा, मग नमुन्याचा अर्धा भाग जुन्या जेलमध्ये आणि अर्धा तुमच्या जेलमध्ये लावा.